दहा लाखांत आठ

दोहा, जुलै. पहाटे तीनला भिंतीला हात लावला
तर ती तापातल्या माणसाच्या कपाळासारखी लागते.
खाली तळघरात मात्र माझ्याकडे वीतभर जागा अशी आहे
जिथे निरपेक्ष शून्य फक्त सव्वा अंश खाली उरतं.

हेलियम यासीन परकार आणतो, रास लफ्फानहून.
मूळचा बाणकोटचा.
टाकी उतरवताना तिला म्हणतो, "हलू गो, हलू."
मग टाकी रिती होईपर्यंत स्टुलावर बसून राहतो.

आज विचारलं त्याने, "यवढी थंडी कोनासाठी, मॅडम?"

पायरुवेटसाठी. साखर मोडली की पेशीत जे राहतं ते.
त्यातला कार्बन बोलतो, पण फार हळू.
चुंबकात गाभे उभे असतात, जवळजवळ निम्मे वर बघत,
निम्मे खाली, आणि एकमेकांचं म्हणणं खोडत.
दहा लाखांत आठ जास्तीचे निघतात वर बघणारे.
यंत्राला ऐकू येतात ते तेवढेच.
बाकीचे हजर असून गैरहजर.

"आमच्या कॅम्पात हजेरी अशीच घेतात," परकार म्हणाला.

म्हणून नमुन्यात थोडे परके रेणू मिसळायचे,
प्रत्येकाकडे एक सडाफटिंग इलेक्ट्रॉन.
(इथल्या कागदांवर परकारही बॅचलर आहे,
बायको आणि तीन मुली असून.)
इलेक्ट्रॉनला थंडीत शिस्त पटकन लागते.
मग मायक्रोवेव्ह सोडायच्या, अगदी नेमक्या सुरातल्या,
की तो आपली शिस्त शेजारच्या कार्बनला देतो,
तो पुढच्याला, पुढचा त्याच्या पुढच्याला.
घाई चालत नाही. दोन तास लागतात.
दोन तास मी आकडा चढताना बघते
आणि परकार डब्यातली भाकरी मोडतो.

पहिल्या खेपेला नळीत बर्फ अडकला.
दोन तासांचं सगळं
हातभर प्लास्टिकमध्ये निवून गेलं.
मी एक शिवी दिली. परकारने ती ऐकली नाही असं केलं.

दुसरी खेप. सव्वापाच.
उकळत्यापेक्षा गरम पाणी, दाबाखाली, त्या गोठलेल्या खड्यावर,
आणि क्षणात तो अंगाच्या उबेचा होऊन
नळीतून दुसऱ्या चुंबकाकडे, जिथे पेशी वाट बघतायत.
आता घड्याळ माझं नाही.

पडद्यावर शिखर उभं राहिलं.
रोज ज्याच्यासाठी रात्रभर बेरजा करते
ते एका ठोक्यात, दहा हजार पटींनी.
दर तीन सेकंदांनी एक ठोका, दर ठोक्याला ते जरा बुटकं.
शेजारी एक टेकाड वर येत होतं: लॅक्टेट.
पेशी जेवत होत्या, आणि ते दिसत होतं.
ठोकेही जपून, हलके द्यायचे,
कारण आपण ऐकतो तेवढंही त्यातून खर्च होतं.

दीड मिनिटात शिखर निम्म्याच्याही निम्मं.

परकार मागे येऊन उभा होता.
"रजेसारखा हाय," तो म्हणाला.
"दोन वरसं साठवायचा, तीस दिवसांत ओतायचा.
पयल्या आठवड्यात घरात पाय ठेवायला जागा नाय.
तिसऱ्यात धाकटी परत आईजवळ झोपते.
मंग बॅग."

मी ठोके मोजत होते. मान वळवली नाही.

"शेवटी शून्य?" त्याने विचारलं.

नाही. शून्यावर जात नाही ते.
परत तिथेच येतं, दहा लाखांत आठ.

"मंग बरा," म्हणाला,
आणि गेटपासवर माझी सही घेतली.

वाफ झालेला हेलियम छताखालच्या मोठ्या पिशवीत
पुन्हा जमा होत होता.
सगळा नाही. काही दरवेळी सुटतोच.